पुतळ्यांसमोर उभी राहिलेली कला

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, ते सर आम्हाला इतिहास शिकवत. कोणताही पुरावा समोर आला की तो कोणी जपला, कशासाठी जपला आणि त्याच्या शेजारून काय उचलून नेले गेले, हे विचारायची सवय त्यांनी आम्हाला लावली. आज तेच तीन प्रश्न घेऊन मी तुम्हाला एका संग्रहालयात नेणार आहे. ते बेल्जियममध्ये, ब्रुसेल्स शहराला लागून असलेल्या टेर्वुरेन या गावी आहे. मध्य आफ्रिकेसाठीचे शाही संग्रहालय असे त्याचे नाव. वसाहतवादाचा इतिहास आणि आजची कला यांची समोरासमोर गाठ पडते तेव्हा काय होते, हे जितके उघडपणे तिथे दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

प्रथम त्या इमारतीचे मुख्य दालन डोळ्यांसमोर आणा. उंच घुमट, संगमरवर आणि भिंतींमध्ये कोनाडे. कोनाड्यांत पुतळे आहेत. त्यांतले काही सोनेरी मुलाम्याचे, आर्सेन मातों या बेल्जियन शिल्पकाराने घडवलेले. एका पुतळ्यात युरोपीय मिशनरी उभा आहे आणि एक आफ्रिकी मुलगा त्याला बिलगला आहे. खाली जे कोरले आहे त्याचा अर्थ असा, की बेल्जियम काँगोमध्ये सभ्यता आणत आहे. अशाच दुसऱ्या शिल्पांत बेल्जियम सुरक्षितता आणते, कल्याण आणते. देणारा उंच आणि सोनेरी, घेणारा लहान आणि उघडा. शाळेच्या सहलीने आलेल्या बेल्जियन मुलांच्या पिढ्यान् पिढ्या या दालनातून आत गेल्या. आफ्रिकेशी त्यांची पहिली ओळख या पुतळ्यांनी करून दिली.

आता या पुतळ्यांच्या मागचा इतिहास पाहू. १८८५ साली काँगोचा प्रचंड प्रदेश बेल्जियमच्या लिओपोल्ड दुसरा या राजाच्या खासगी ताब्यात गेला. देशाच्या नव्हे, राजाच्या. बेल्जियमच्या पंचाहत्तर पटींहून मोठा मुलूख एका माणसाची मालमत्ता झाला, आणि त्या माणसाने काँगोच्या भूमीवर आयुष्यात कधी पाऊल ठेवले नाही. हस्तिदंत आणि रानातले रबर ही त्या मालमत्तेची मिळकत होती. गावागावांवर रबराचा वाटा लादला जाई. तो पुरा झाला नाही तर बायकांना ओलीस धरत, गावे जाळत, माणसे मारत. वापरलेल्या काडतुसांचा हिशेब देण्यासाठी सैनिक मेलेल्यांचे आणि कधी जिवंत माणसांचेही हात तोडून आणत. या काळात किती माणसे गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण ते लाखालाखांनीच मोजावे लागतात. शेवटी १९०८ मध्ये राजाला हा मुलूख बेल्जियम सरकारच्या हवाली करावा लागला.

हा कारभार भरात असताना, १८९७ साली, ब्रुसेल्समध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्याचा वसाहतींचा विभाग टेर्वुरेनला होता. तिथल्या उद्यानात काँगोची खेडी उभारली गेली आणि ती ‘जिवंत’ दिसावीत म्हणून काँगोहून २६७ माणसे आणली गेली. दहा लाखांहून अधिक लोक त्यांना बघून गेले. थंडीपावसात आजारी पडून त्यांतले सात जण मेले. एकिया, किटुक्वा, मिबांगे ही त्यांच्यापैकी तिघांची नावे. गावच्या चर्चच्या आवारात त्यांची थडगी आहेत. त्या प्रदर्शनाच्या वस्तूंतून संग्रहालय उभे राहिले आणि आजची इमारत १९१० मध्ये उघडली. म्हणजे या संस्थेचा पाया प्रदर्शनात मांडलेल्या जिवंत माणसांवर आहे. वस्तू आणि माणसे यांत त्या वेळी फरक केला गेला नाही, हे विसरून तिथल्या एकाही कपाटाकडे पाहता येणार नाही.

काही जण म्हणतील, आजची मूल्ये कालच्या लोकांवर लादू नका, त्या काळी सगळे असेच वागत. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण आपल्याकडेही तो वारंवार ऐकू येतो. त्याचे उत्तर त्याच काळातल्या लोकांनी देऊन ठेवले आहे. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या कृष्णवर्णी अमेरिकन इतिहासकाराने काँगो स्वतः पाहून १८९० मध्ये लिओपोल्डला खुले पत्र लिहिले आणि जुलमाची जंत्रीच मांडली. एडमंड मोरेल या लिव्हरपूलच्या जहाज कंपनीतल्या कारकुनाने आयात-निर्यातीचे आकडे पाहिले. रबर येते आणि मोबदल्यात बंदुका-काडतुसे जातात, हे त्याला कळले आणि त्याने त्याविरुद्ध मोहीम उभारली. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट याचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्यांना पाहायचे होते त्यांना तेव्हाही दिसत होते. मातोंचे सोनेरी पुतळे तर या सगळ्यानंतर घडले. त्यांना त्या काळाचे अज्ञान म्हणता येत नाही. माहीत असलेली गोष्ट झाकण्यासाठी ते घडवले गेले.

मग हे पुतळे काढून का टाकत नाहीत? टेर्वुरेनची इमारत संरक्षित वारसा आहे आणि कोनाड्यांतले पुतळे कायद्याने त्या इमारतीचाच भाग मानले जातात. संग्रहालय २०१३ च्या अखेरीस दुरुस्तीसाठी बंद झाले आणि डिसेंबर २०१८ मध्ये पुन्हा उघडले. या पाच वर्षांत कर्त्यांसमोर पेच होता तो हाच. काढता येत नाही, आणि आहे तसे ठेवणे शोभत नाही. शेजारी माहितीफलक लावून मोकळे होणे हा सर्वांत सोपा मार्ग. पण सोनेरी मुलाम्यातला, उंच कोनाड्यातला दावा हाताएवढ्या कागदी फलकाने खोडता येत नाही. माणसाच्या मनावर आधी आकार ठसतो, मजकूर त्याच्या मागून येतो. शिल्पाला उत्तर द्यायचे तर शिल्पच हवे. इथे कलावंताची गरज निर्माण झाली.

एमे म्पाने हा १९६८ साली किन्शासात जन्मलेला शिल्पकार. त्याने घुमटाखालच्या या दालनासाठी एक भव्य शिर घडवले. आफ्रिकी माणसाचे, लाकडाचे, जाळीदार. ‘नवा श्वास, अर्थात अंकुरणारा काँगो’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. भोवतीचे पुतळे भरीव, तर हे आरपार पाहता येईल असे. ते धातूचे आणि मुलाम्याचे, हे झाडाच्या लाकडाचे. त्या पुतळ्यांत आफ्रिकी माणूस वर बघणारा, आधार मागणारा; इथे त्याची मान ताठ आणि नजर सरळ समोर. म्पानेने जुन्या शिल्पांना हातही लावलेला नाही. त्याने दालनाचा मध्य बदलला. आत येणाऱ्याची नजर आधी कोनाड्यांकडे जायची, आता ती या शिराकडे जाते.

तरीही ते पुरेसे पडले का? अनेकांना वाटले, नाही. बेल्जियममध्ये राहणाऱ्या काँगोवंशीय मंडळींनी विचारले की एका सुंदर शिराने सोळा कोनाड्यांचा तोल कसा साधेल. आफ्रिकी वंशाच्या लोकांबाबत काम करणारा संयुक्त राष्ट्रांचा तज्ज्ञगट फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथे येऊन गेला आणि फेररचना पुरेशी पुढे गेलेली नाही असे त्याने सांगितले. या टीकेनंतर जे घडले ते मला मोलाचे वाटते. कलावंत थांबला नाही, आणि संग्रहालयानेही दार लावले नाही.

म्पाने आणि ब्रुसेल्सचा चित्रकार ज्याँ पिएर म्युलर या दोघांनी मिळून कोनाड्यांतल्या सोळाही पुतळ्यांपुढे झिरझिरीत पडदे सोडले. प्रत्येक पडद्यावर नवे चित्र आहे आणि त्या चित्रातून मागचा पुतळा दिसत राहतो. एका जागी उभे राहिले तर चित्र ठळक, दोन पावले सरकले तर पुतळा ठळक, आणि मधल्या जागेवरून दोन्ही एकमेकांत मिसळलेले. जुना दावा आणि त्यावरचे आजचे म्हणणे एकाच दृष्टिक्षेपात वाचावे लागते. पुतळा झाकून टाकला असता तर गुन्हाही झाकला गेला असता. उघडा ठेवला असता तर त्याचा रुबाब चालू राहिला असता. या पडद्यांनी तिसरी वाट काढली. त्यांतला एक कलावंत काँगोचा आहे आणि एक बेल्जियमचा, हेही मला महत्त्वाचे वाटते. हा इतिहास दोघांचा आहे, त्यामुळे तो नव्याने लिहिण्याचे कष्टही दोघांनी घेतले.

मग म्पानेने पहिल्या शिरासमोर दुसरे शिल्प आणले. तीही जाळीदार लाकडाचीच, पण कवटी. ती लुसिंगा या प्रमुखाची. टांगानिका सरोवराच्या काठच्या या प्रमुखाचा डिसेंबर १८८४ मध्ये एमिल स्टॉर्म्स या बेल्जियन अधिकाऱ्याच्या माणसांनी शिरच्छेद केला. त्याची कवटी बेल्जियमला नेली गेली आणि अभ्यासाचा नमुना म्हणून साठ्यात ठेवली गेली. लुसिंगा हा काही साधुपुरुष नव्हता. तो स्वतः गुलामांच्या व्यापारात होता. पण त्यामुळे त्याचे शिर कापून नेण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही. म्पानेने त्याला पुण्यात्मा केले नाही. ज्याला वस्तू करून टाकले होते त्याला त्याने पुन्हा माणसाच्या आकारात, त्या माणसाला मारणाऱ्यांच्या गौरवशिल्पांच्या मधोमध उभे केले. आज त्या दालनात एका बाजूला येणारा काळ आणि दुसऱ्या बाजूला कापलेले शिर अशी दोन लाकडी रूपे समोरासमोर आहेत. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

याच संग्रहालयातली दुसरी कलाकृती मला याहूनही धारदार वाटते. एका दालनाच्या भिंतीवर १५०८ बेल्जियनांची नावे कोरलेली आहेत. १८७६ ते १९०८ या काळात काँगोमध्ये मरण पावलेल्यांचे ते स्मारक. त्या काळात मेलेल्या एकाही काँगोवासीयाचे नाव तिथे नव्हते. किन्शासाचा शिल्पकार फ्रेडी त्सिम्बा, जो वापरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांपासून माणसांच्या आकृती घडवण्यासाठी ओळखला जातो, त्याने या भिंतीसमोरच्या खिडक्यांच्या काचांवर बेल्जियमच्या भूमीवर मेलेल्या काँगोच्या माणसांची नावे उमटवली. १८९७ च्या प्रदर्शनात मेलेले सात जणही त्यांत आहेत. ऊन पडले की या नावांच्या सावल्या समोरच्या कोरीव नावांवर पडतात. कलाकृतीचे नावही ‘सावल्या’ असेच आहे.

इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. कोरलेली नावे कायमची आहेत, सावलीतली नावे उन्हाच्या हवाली आहेत. आभाळ भरून आले की ती नाहीशी होतात. इतिहासात कोणाची नोंद पक्की झाली आणि कोणाची योगायोगावर सोडली गेली, हे इतक्या थोड्या साधनांत सांगणारे काम विरळा. शिवाय त्सिम्बाने मेलेल्या बेल्जियनांची नावे खोडली नाहीत. त्यांतली बरीचशी माणसे ताप-आजाराने गेलेली असणार, त्यांच्याही आया रडल्या असणार. त्या दुःखाचा अपमान न करता, त्या भिंतीवर ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना त्याने जागा दिली. न्याय मागताना दुसऱ्याचे दुःख पुसावे लागत नाही, हे या कामातून मी शिकलो.

तिसरे काम आहे चेरी सांबा या प्रसिद्ध काँगोली चित्रकाराचे, २००२ सालचे. पॉल विसार्ट याने १९१३ मध्ये केलेले ‘बिबट्या-माणूस’ नावाचे शिल्प या संग्रहालयात होते. बिबट्याच्या कातड्याचा वेश घालून झोपलेल्या माणसावर झेपावणारा आफ्रिकी मारेकरी, असे ते भयंकर ध्यान. ‘टिनटिन’ या चित्रकथानायकाच्या काँगो-सफरीतल्या बिबट्या-माणसाचे मूळही त्यातच आहे. सांबाच्या चित्रात काँगोची माणसे दोरखंड बांधून हे शिल्प संग्रहालयाच्या पायऱ्यांवरून बाहेर ओढत आहेत आणि बेल्जियन लोक ते आत खेचत आहेत. संग्रहालयाचा संचालक हे पाहत उभा आहे. आज हे चित्र आणि ते शिल्प संग्रहालयात आहेत, पण शिल्पाची जागा बदलली आहे. प्रदर्शनाच्या ओळीतून काढून अशाच इतर पुतळ्यांबरोबर त्याला वेगळ्या खोलीत ठेवले आहे, आणि त्याच्याजवळ सांबाचे चित्र आहे.

सांबाचे चित्र मला सरांच्या तिसऱ्या प्रश्नापाशी आणते: शेजारून काय उचलून नेले? ही रस्सीखेच एका शिल्पापुरती नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेल्जियमने काँगो सरकारच्या हाती सुमारे ८४ हजार वस्तूंची यादी दिली. टेर्वुरेनमध्ये असलेल्या, काँगोहून आलेल्या वस्तूंची ती यादी होती. त्याच वर्षी जूनमध्ये राजे फिलिप काँगोला गेले तेव्हा त्यांनी काकुंगू हा मोठा मुखवटा किन्शासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिला, पण कायमचा नव्हे, बेमुदत उसना म्हणून. त्याच महिन्यात स्वतंत्र काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांचा सोन्याने मढवलेला दात त्यांच्या मुलांच्या स्वाधीन झाला. १९६१ मध्ये त्यांची हत्या करून देह नष्ट केला गेला होता. एका बेल्जियन पोलिसाने तो दात जवळ ठेवला होता. जुलै २०२२ मध्ये वसाहतकाळात नेलेल्या वस्तू परत करण्याची वाट मोकळी करणारा कायदा बेल्जियमने केला. पण वर्षाअखेरीस, क्षमायाचनेवर एकमत न झाल्याने वसाहतीच्या भूतकाळावर नेमलेली संसदीय समिती ठोस शिफारशींशिवाय संपली. राजाने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये खेद व्यक्त केला, पण माफी मागितली नाही.

मला आज जे सांगायचे आहे ते आता स्पष्ट सांगतो. कलावंताने पुतळ्यासमोर उभे राहणे हे खरे आणि आवश्यक काम आहे, पण ते संग्रहालयाच्या वतीने केलेले प्रायश्चित्त नाही. कलावंत दोष दाखवू शकतो. वस्तू परत करू शकत नाही, कायदा बदलू शकत नाही, तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नसते. संस्थेने एखादे धारदार काम मांडून, त्याचे कौतुक करून घेऊन साठ्यातली कपाटे तशीच बंद ठेवली, तर कलावंताचा वापर तोंडी लावण्यापुरता झाला. टेर्वुरेनचे मोठेपण एका कलाकृतीत नाही. पहिल्या कामावर टीका झाली आणि दुसरे आले, पाठोपाठ यादी निघाली आणि पाठोपाठ कायदा झाला, यात ते आहे. आणि त्याचे अपुरेपणही त्याच मार्गावर, थांबलेल्या ठिकाणी, दिसते.

आता आपल्या दाराशी येऊ. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याच घराण्यातले आहे. १८५१ चे लंडनचे आणि १८५५ चे पॅरिसचे प्रदर्शन, यांसाठी हिंदुस्थानातून वस्तू जमवण्याच्या खटाटोपातून ते जन्मले. १८७२ मध्ये इमारत उघडली तेव्हा तिचे नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे होते. आत प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आजही आहे, डेव्हिड ससून यांनी दिलेला. पण टेर्वुरेनहून एक मोठा फरक आहे. निधी जमवणारे आणि धडपड करणारे नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी हे आपलेच पूर्वज होते. १९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले, तेव्हा त्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना मिळाले. म्हणून आपल्याला हा इतिहास केवळ परक्यांच्या माथी मारता येत नाही. तिथल्या कपाटांत निरनिराळ्या जातीजमातींचे आणि धंद्यांचे मातीचे छोटे नमुने आहेत. कारागीर भारतीय, पण माणसांना पोशाखावरून, पगडीवरून आणि धंद्यावरून रकान्यांत बसवण्याची दृष्टी शासकांची. ती दृष्टी आपण नंतर सोडली का, हा प्रश्न त्या कपाटासमोर उभे राहून आपणच आपल्याला विचारायचा आहे.

या इमारतीच्या दर्शनी भागावर २०१३ मध्ये रीना कल्लाट यांनी एक प्रचंड कोळ्याचे जाळे पसरले होते. शेकडो रबरी शिक्क्यांचे. प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतल्या एका रस्त्याचे वसाहतकालीन, आता बदललेले नाव. सरकारी कचेरीतल्या शिक्क्याने नाव येते आणि शिक्क्यानेच जाते. इमारतीला जाळे लागले की ती विसरली गेली असे आपण समजतो. इथे विसरलेली नावेच जाळे होऊन इमारतीला चिकटली होती. जुने नाव परत आणा अशी ही मागणी नव्हती. नाव बदलल्याने हिशेब पुरा झाला असे मानू नका, एवढेच ते काम सांगत होते.

आणि त्याच आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. त्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यंत्राची साखळी तुटून तो फुटला, तुकडे मुंबईत राहिले आणि १९१४ मध्ये ते जोडून तो उभा केला गेला. त्याच्याजवळून रोज शेकडो माणसे राणीच्या बागेतले प्राणी पाहायला जातात. ती साखळी टिकली असती तर तो आज लंडनच्या एखाद्या दालनात असता आणि आपण तो परत मागत असतो. परत मागण्याचा प्रश्न आपल्यापासून एका साखळीच्या अंतरावर होता, हे ज्याला कळले त्याला किन्शासाची मागणी परकी वाटणार नाही.

शेवटी, महाराष्ट्रातल्या संग्रहालयांच्या कारभाऱ्यांकडे आणि आपणा सर्वांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक वस्तूच्या फलकावर ती काय आहे याबरोबरच ती कोणाकडून आणि कशा मार्गाने आली हे लिहा. आणि हे फक्त इंग्रजांनी जमवलेल्या वस्तूंबाबत नव्हे, आपल्या संस्थानिकांनी, सरदारांनी आणि धनिकांनी आदिवासी पाड्यांवरून, गावच्या देवळांतून आणलेल्या वस्तूंबाबतही. दुसरी, कलावंताला बोलावले तर त्याला साठ्याची दारे उघडी करा, त्याला पुरेसा काळ आणि मोबदला द्या, आणि त्याच्या कामावर संग्रहालयाची जाहीर प्रतिक्रिया द्या, मान्य काय आणि अमान्य काय हे सांगून. तिसरी मागणी प्रेक्षकाकडे आहे. असे काम पाहिल्यावर “छान आहे” म्हणून पुढे जाऊ नका. संग्रहालयाच्या अभिप्राय-वहीत एक प्रश्न लिहा, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा लिहीत राहा.

टेर्वुरेनमध्ये सोळा पडदे आले ते लोकांनी प्रश्न सोडला नाही म्हणून. आपल्याकडे तसे काही घडायचे असेल तर ते परिपत्रकाने घडणार नाही. पुरावा हाती घेऊन विचारणारी माणसे लागतील, आणि तशी माणसे घडवणे हेच सरांचे आयुष्यभराचे काम होते. ते काम पुढे नेण्याची जबाबदारी आज या सभागृहात बसलेल्या प्रत्येकावर आहे.